रानातलं मूळ की शेतातलं? वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्याभरात आलेले बरेचसे प्रश्न एकाच वळणाचे होते. रानातली वनस्पती ती खरी आणि लावलेली ती नुसती नावाला, असं आपल्या खानापूर-बेळगाव भागात सगळेच धरून चाललेत. म्हणून यावेळी त्याच विषयावरचे प्रश्न घेतलेत.

प्रश्न : जांबोटीजवळ आमच्याकडं अर्धा एकर सर्पगंधा आहे, लावून पंधरा महिने झाले. व्यापारी म्हणतो शेतातल्या मुळात दम नसतो, दर कमीच मिळणार. खरं काय? (एक शेतकरी, खानापूर तालुका)

काका, व्यापारी अगदी खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच सांगतोय. झाडातली कडू, विषारी, औषधी द्रव्यं ही झाडानं बहुतेक स्वतःच्या बचावासाठी केलेली असतात, कीड खाते, जनावर ओरबाडतं, उन्हाळ्यात पाणी तुटतं, आणि झाडाला पळून तर जाता येत नाही, मग ते आतून लढतं. शेतात पाणी वेळेवर, तण काढलेलं, त्यामुळं काही वनस्पतींत ही द्रव्यं कमी भरतात, हे बरोबरच आहे.

पण आता निपाणीकडच्या कुठल्याही तंबाखूवाल्याला विचारा. शेंडा खुडला, बगलफुटी काढल्या की पान जाड होतं आणि कडक होतं. का? निकोटिन तयार होतं मुळात आणि तिथून ते पानात चढतं, शेंड्याला जखम झाली, फूल-बी धरायचं काम थांबलं की मुळं जास्त निकोटिन बनवायला लागतात. म्हणजे पीक शेतातलंच आहे आणि माणूस हातानं खुडून त्यातलं रसायन वाढवतोय, तेही पिढ्यान्‌पिढ्या. मग शेतातलं म्हणजे फिकं, हा नियम कसा होईल?

सर्पगंधेचं बघायचं तर तिच्यातले रेसर्पिनसारखे अल्कलॉइड, म्हणजे नायट्रोजन असलेली औषधी द्रव्यं, (रेसर्पिन १९५२ साली वेगळं काढलं गेलं, ते ब्लडप्रेशरवरचं औषध) मुख्यतः मुळाच्या सालीत असतात, आतल्या लाकडात फार कमी. म्हणून बारीक मुळ्या टाकून देऊ नका, त्यांच्यात लाकडाच्या मानानं साल जास्त असते. आणि मूळ धुताना काथ्यानं घासून गोरंपान करतात ते तर अजिबात नको, माल दिसतो छान पण कामाचा भाग पाण्याबरोबर गेलेला असतो. पंधराव्या महिन्यात घाईनं खणू नका, निदान दीड वर्ष होऊ द्या, थंडीत पानं गळल्यावर काढा. पावसाळ्यात लावली असेल तर दीड वर्ष बरोबर थंडीतच भरतं.

आता हिशेब बघा, आकडे नुसते समजायला घेतलेत. रानातल्या मुळात शंभराला दीड भाग अल्कलॉइड आणि तुमच्यात सव्वा, पण तुमचं मूळ वजनाला दुप्पट, तर एका झाडामागं जास्त द्रव्य कुणी दिलं? तुम्हीच. म्हणून वजनाबरोबर तपासणीचा रिपोर्ट दाखवून भाव मागा. सर्पगंधा साइटिस या रानटी वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या यादीत आहे, परदेशात जाणाऱ्या मालावर बंधनं आहेत, त्यामुळं हा माल माझ्या शेतातला आहे हे दाखवणारे कागद (रोपांची पावती, उतारा) जपून ठेवा, तुमच्या मालाची ती मोठी बाजू आहे.

प्रश्न : सर, मी एमएस्सीला आहे. कणकुंबीच्या बाजूच्या रानातल्या नरक्या या सह्याद्रीतल्या औषधी झाडाच्या ३ झाडांची आणि नर्सरीतल्या ३ रोपांची साल तपासली. एचपीएलसीवर (अर्कात द्रव्य किती ते मोजणारं यंत्र) रानातल्या सालीत कॅम्प्टोथेसिन, म्हणजे ज्याच्यापासून कॅन्सरची औषधं निघाली ते द्रव्य, जवळजवळ दुप्पट आलं. रानातलं श्रेष्ठ असं लिहू का? (एक विद्यार्थिनी, बेळगाव)

नको लिहूस, अजून नको. मेहनत केलीस ती वाया गेलेली नाही पण तुझा आकडा दुसऱ्याच कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतोय.

पहिलं वय. रानातलं झाड किती वर्षांचं होतं? मनगटाएवढं खोड असलेल्या झाडाची साल आणि दोन वर्षांच्या रोपाची साल यांची तुलना म्हणजे आजोबा आणि नातू यांची उंची मोजून गाव बदलल्यानं उंची वाढते म्हणण्यासारखं झालं. दुसरं, साल खोडाची की मुळाची, आणि किती उंचीवरची? मुळाच्या सालीत कॅम्प्टोथेसिन जास्त, पानात कमी, त्यामुळं एका सॅम्पलमध्ये जमिनीलगतची साल आली आणि दुसऱ्यात फांदीची, तर फरक तिथंच पडला. तिसरं, दोन्ही एकाच आठवड्यात काढलीस का? कणकुंबीचा जुलै आणि बेळगावातला एप्रिल, यांत झाड एक राहत नाही गं.

मग वाळवणं. हे पोरं नेहमी विसरतात. एक सॅम्पल सावलीत वाळलं, दुसरं पावसामुळं चार दिवस पिशवीत दमट राहिलं, तर दोन्हींत फरक पडायला रान-शेत लागतच नाही. आणि आकडा काढताना पूर्ण कोरड्या वजनावर काढ, नाहीतर एकात ओल राहिली की ते उगाच कमी दिसतं.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, वाण. वेखंडाचं उदाहरण लक्षात ठेव. दिसायला एकसारखंच वेखंड, पण ज्याच्यात गुणसूत्रांचे दोन संच त्याच्यात बीटा-असारोन नावाचं द्रव्य जवळजवळ नसतं, तीन संचवाल्यात थोडं आणि चार संचवाल्यात भरपूर. ते कुठंही लाव, हा फरक रक्तातच आहे. तसंच तुझी नर्सरीतली रोपं कुठल्या बियांची होती? लांबच्या दुसऱ्याच डोंगरातल्या झाडाची असतील तर तू रान आणि नर्सरी यांची तुलना केलीच नाहीस, दोन घराण्यांची केलीस. एकाच रानातसुद्धा चाळीस पावलांवरच्या दोन झाडांत खूप फरक निघतो, म्हणून तीन-तीन झाडांवर काहीच ठरत नाही.

खरं उत्तर हवं असेल तर एकाच आईझाडाचं बी घे, अर्धी रोपं रानाच्या कडेला लाव, अर्धी बागेत, तेवढीच वर्षं वाढव, एकाच दिवशी एकाच उंचीची साल काढ. वेळ लागतो, एमएस्सीत बसत नाही, मान्य. मग निदान आहे त्यातच वय आणि भाग जुळवून झाडांची संख्या वाढव, आणि निष्कर्षात 'या एवढ्या झाडांत असा फरक दिसला' एवढंच लिही. परवानगीचं पत्र आणि दाबून वाळवलेला नमुनाही जोड.

आणि एक कर, तुझ्या समाधानासाठी. पुढच्या वेळी एचपीएलसीच्या आधी सगळे अर्क एकाच एचपीटीएलसी प्लेटवर (अर्कातली द्रव्यं वेगवेगळ्या रेघांत सुटी करणारी पट्टी) शेजारी शेजारी घाल आणि ३६६ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली बघ. कॅम्प्टोथेसिनची रेघ निळी चमकते. एका झाडाची रेघ लख्ख, शेजारच्याची फिकी, तिसऱ्याची पहिलीपेक्षा लख्ख. सहा रेघा डोळ्यांनी बघितल्यावर 'रानातलं' असा एकच शब्द सगळ्यांसाठी वापरायला तुझाच हात धजणार नाही.

प्रश्न : अशोकाची साल रानातलीच घ्यावी की लागवडीची चालेल? दुकानात विचारलं तर सगळे रानातलीच म्हणतात. (एक वैद्य, निपाणी)

वैद्यताई, त्याआधी ती अशोकाची आहे का ते बघा. औषधी तो सीता अशोक, नारिंगी-लाल फुलांचे गुच्छ येणारा, जो आता रानात विरळ झालाय आणि आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या जागतिक संस्थेच्या धोक्यातल्या यादीत गेलाय. बाजारात त्याच्या नावावर आसुपालवाची साल सर्रास जाते, तोच तो शाळा-कॉलेजांच्या कंपाउंडला लावलेला उंच हिरवा खांबासारखा वृक्ष. दोघांचं घराणं वेगळं, रसायन वेगळं. ओळखीच्या बागेतल्या पाच-सहा सीता अशोकांची साल, फांद्या छाटताना निघालेली, मी डोळे मिटून घेईन.

प्रश्न : आमच्याकडं नरक्याचं लाकूड मागायला माणसं येतात, किलोवर पैसे देतो म्हणतात. मुळासकट पाहिजे म्हणतात. पानात औषध नसतं का? (एक तरुण, कणकुंबी भाग)

असतं भाऊ, पण कमी, म्हणून त्यांना खोड-मूळ पाहिजे. थोडी गोष्ट सांगतो. कॅम्प्टोथेसिन पहिल्यांदा १९६६ साली एका चिनी झाडात सापडलं, मग १९७२ साली आपल्या सह्याद्रीतल्या या नरक्यात ते भरपूर असल्याचं कळलं आणि तेव्हापासून या झाडामागं साडेसाती लागली. त्याच्यापासून पुढं टोपोटेकॅन, इरिनोटेकॅन ही कॅन्सरची औषधं आली, दोन्हींना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. ज्याच्या फुलांचा वास नको म्हणून आपण घाणेरा म्हणायचो, त्या झाडावर माणसं जगली बघा.

पण मुळासकट काढलं की तिथं परत काही येत नाही. बुंध्यापासून वर छाटलं तर नरक्याला धुमारे फुटतात, लागवड केली तर असं काही वर्षांनी परत परत कापता येतं, पानंही गोळा करता येतात. लागवडीच्या झाडात टक्का थोडा कमी निघाला तरी कारखान्यात द्रव्य शुद्ध करूनच घेतात, त्यांना टक्क्यापेक्षा दरवर्षी खात्रीनं मिळणारा माल जास्त उपयोगाचा. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालंय, तिथून परवानगीशिवाय काही काढणं गुन्हा आहे आणि पकडला जातो तो तुमच्यासारखा पोरगा, वर पैसे मोजणारा नाही. आणि हे घरी उकळून कुणाला पाजू नका, कॅम्प्टोथेसिन पेशी मारणारं विष आहे, शेळी-माणूस काही बघत नाही.

प्रश्न : औषधी पिकाला युरिया टाकला तर गुण जातो का? (एक वाचक, बैलहोंगल)

पिकावर आहे. नुसता युरिया मारला की पाला माजतो, आणि टॅनिन-फिनॉलवाल्या (तुरट द्रव्यांच्या) वनस्पतींत गुणाचा टक्का बहुधा उतरतो कारण झाड सगळी कमाई वाढण्यात घालतं. अल्कलॉइडमध्ये मात्र नायट्रोजनच असतो, त्यामुळं सर्पगंधेसारख्या पिकात उपाशी ठेवूनही भागत नाही. शेणखत भरपूर, युरिया हात राखून, आणि खणायच्या आधी दोन-तीन महिने काहीच नको. दोन सऱ्या बिनयुरियाच्या ठेवा, त्यांचा आणि युरियावाल्या सऱ्यांचा माल वाळवून दोन वेगळ्या कागदी पिशव्यांत भरा, पिशवीवर तारीख आणि सरी लिहा आणि दोन्ही तपासायला द्या. प्लास्टिकच्या पिशवीत आणू नका, बुरशी येते.