वाहन प्रश्नोत्तरे: धडकेनंतर चासी वाकली तर

प्रश्न: पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीजवळ माझी मोटरसायकल दुभाजकावर आपटली. हँडल सरळ करून घेतले, तरी गाडी डावीकडे ओढते. चासी वाकली असणार. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जॅक आणि लांब पाइप लावून ती सरळ करता येईल का? (एक वाचक, भांडुप)

उत्तर: आधी चासी खरोखर वाकली आहे का ते पाहू या. समोरच्या धडकेत बहुतेक वेळा पहिला मार फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारे दोन पाइप, खातो. पुष्कळदा तर फोर्क वाकलेलाही नसतो, टीमध्ये, म्हणजे हे पाइप हँडलखाली जखडणाऱ्या क्लॅम्पमध्ये, नुसता पिळलेला असतो. गाडी डबल स्टँडवर घ्या. फोर्कचे पाइप वरच्या टीच्या किती मिलिमीटर वर आले आहेत ते लिहून ठेवा, नाहीतर दोन पाइप वरखाली बसतात. मग टीचे बोल्ट, मडगार्डचे स्क्रू आणि एक्सल जेमतेम सैल करा. चाक गुडघ्यांत धरून हँडल चाकाच्या काटकोनात आणा. टीचे बोल्ट आधी कसा, मग फोर्क चार-पाच वेळा दाबून एक्सल शेवटी. ओढ गेली तर काम झाले.

गेली नाही, तर दोरीची परीक्षा. आधी स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा दांडा) चासीला जोडणाऱ्या बोल्टपासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी टेपने सारखे करून घ्या. चेन ॲडजस्टरवरच्या खुणांवर विसंबू नका. मग तंगूस किंवा गवंड्याची पातळ दोरी मागच्या टायरमागून फिरवून दोन्ही बाजूंनी पुढे आणा. ती कुठेही स्टँडला लागू नये आणि मागच्या टायरला पुढच्या व मागच्या अशा दोन्ही कडांवर टेकावी. पुढचा टायर अरुंद असतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना फट राहते. ती सारखी हवी. चाक आख्खे एका बाजूला सरकलेले दिसले, तर दोष स्विंगआर्मचा किंवा चासीचा. मागच्या चाकाला ओळंबा लावून ते उभे करा. तरीही पुढचे चाक कललेले दिसले, तर फोर्क किंवा चासीचा गळा, म्हणजे ज्या नळीत कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) बसतो ती नळी, पिळली आहे.

यातले कोणते, ते काचेवर ठरते. फोर्कचे पाइप काढून जाड सपाट काचेवर लोळवा आणि खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून पाहा. अनेक सर्व्हिस मॅन्युअलमध्ये 0.2 मिमी ही मर्यादा असते. तुमच्या गाडीची पाहून घ्या. वाकलेला पाइप सरळ करून पुन्हा बसवू नका. क्रोमला बारीक चिरा पडतात, मुंबईच्या खाऱ्या हवेत तिथे गंज धरतो आणि तो गंज ऑइल सील कापतो.

पाइप सरळ निघाले, पण दोन एक्सलमधले अंतर मॅन्युअलपेक्षा कमी भरले (ॲडजस्टरमुळे काही मिलिमीटर फरक पडतो, तो धरून), किंवा गळ्याखाली रंग तडकलेला आणि नळीवर सुरकुती दिसली, तर गळा मागे गेला आहे. इथे थांबा. हे काम घरचे नाही, आणि मी ते ठामपणे सांगतो. लांब पाइपने जोर लावला की चासी जिथे वाकली आहे तिथे सरळ होत नाही. जिथे ती सर्वांत कच्ची, बहुधा वेल्डिंगच्या शेजारी, तिथे ती नव्याने वाकते. कोनसेटच्या बैठका अंडाकार होतात आणि नवा कोनसेट महिन्यात खडखडतो. गॅसने लाल तापवली तर नळी सहज वळते, पण तेवढ्या भागाचा कस जातो. चासी जखडून मोजत-मोजत ओढणारी जिग ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच जा. ॲल्युमिनियमची चासी असेल तर सरळ बदला.

घरी करता येण्यासारखे आहे ते मागचे शेपूट: सीटखालचे दांडे आणि फूटरेस्टचे ब्रॅकेट. सीट आणि ग्रॅब रेल काढून समोरासमोरच्या बोल्टांमधले दोन्ही कर्ण मोजा. मीटरभर पाइप घालून थंडच, हळूहळू ओढा. पोलाद सोडले की थोडे मागे येते, म्हणून हवे त्याच्या 2 ते 3 मिमी पुढे न्या आणि दर खेपेला मोजा. मग वेल्डजवळचा रंग खरवडून रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडे पुसा आणि खडूची पूड फासा. चीर असेल तर ओलसर रेघ उमटते. रेघ दिसली तर तो भाग बदला. नसेल तर लगेच रेड ऑक्साइड आणि रंग द्या. उघडे लोखंड पावसाळ्यात टिकत नाही.

प्रश्न: कारचा पुढचा भाग आत गेला आहे. झाडाला साखळी बांधून ओढून काढता येईल का? (एक वाचक, दादर)

उत्तर: नाही. साखळी तुटली तर जीव घेते. शिवाय आजच्या बहुतेक कारला वेगळी चासी नसते. बॉडीच भार सोसते आणि तिचे पुढचे दांडे धडकेत ठरावीक जागी चुरगळावेत असे बनवलेले असतात. ते ओढून, वेल्ड करून कडक केले, तर पुढच्या धडकेचा धक्का आत बसलेल्यांपर्यंत पोचतो आणि एअरबॅगची वेळही चुकू शकते. बॉनेट उघडून कर्ण मोजा, दारांच्या फटी पाहा. फक्त बोल्टवरचा बंपर बीम वाकला असेल तर नवा बसवा. विमा असेल तर सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत काहीच उघडू नका.

प्रश्न: कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुनी चासी आणून बसवली तर? (एक वाचक, चेंबूर)

उत्तर: चासी क्रमांक आरसी बुकाशी जुळायला हवा, म्हणून आधी आरटीओत जा. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 अशा बदलांबद्दलच आहे. चासी कोणाची, याचे कागद विक्रेता देत नसेल तर घेऊ नका, आणि क्रमांक घासलेली तर हातातही घेऊ नका.