दीर्घ आजारानंतर वडील गेले. आता त्यांचा आजारी चेहराच आठवतो. आधीचे बाबा कसे आठवू?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना जाऊन चार महिने झाले, आणि डोळे मिटले की पलंगावरचा शेवटचा चेहराच समोर येतो. धडधाकट असलेले बाबा आठवायला गेलात तरी आठवत नाहीत, आणि त्यामुळे अपराधी वाटतं. तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. माझे बाबा अकरा वर्षं पार्किन्सनने आजारी होते. ते गेल्यावर वर्षभर माझंही अगदी हेच झालं होतं.

आधी त्या अपराधीपणाबद्दल. डॅनियल कानेमन हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना एकदा 14 अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात मिनिटभर हात बुडवायला लावला. दुसऱ्यांदा तेच मिनिटभर, आणि वर आणखी तीस सेकंद, पण त्या तीस सेकंदांत पाण्याचा गारठा एखाद्या अंशाने कमी होत गेला. यातलं पुन्हा काय कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा प्रकार निवडला. त्रास जास्त वेळ झाला होता, तरी शेवट जरा सुसह्य होता म्हणून! किती वेळ गेला याचा हिशोब मन नीट ठेवत नाही, शेवट मात्र घट्ट धरून बसतं. मिनिटभराच्या गारठ्याचं हे असं, तर ज्या माणसाला तुम्ही महिनोन्‌महिने कुशीवर वळवलंत, भरवलंत, त्याचा शेवटचा चेहरा मनात ठाण मांडून बसणारच. तुमचं प्रेम कमी पडलं असा त्याचा अर्थ मला तरी लागत नाही.

बाबांच्या आजारात मला सगळ्यात जड गेला तो त्यांचा चेहरा. पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या डोपामिन हे हालचालींसाठी लागणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि हालचाली मंदावतात. हात थरथरतो हे सगळ्यांना माहीत असतं. चेहऱ्याचे स्नायूही मंदावतात, हे मला माहीत नव्हतं. मी नोकरीतल्या बढतीची बातमी सांगायला धावत घरी आले, तर बाबा नुसते बघत राहिले. मी चिडून म्हणाले, "बाबा, जरा हसा की! आनंद नाही का झाला तुम्हाला?" त्यांचे ओठ हलले, पण आवाज इतका बारीक झाला होता की ऐकू आलं नाही, आणि मी वाकून पुन्हा विचारलंही नाही. पुढे डॉक्टरांनी समजावलं, की हसू आत असतं, चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. ते ऐकल्यापासून मी त्यांचे डोळे बघायला शिकले. पण तो एक दिवस राहून गेला.

या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी 1817 मध्ये केलं, अवघ्या सहा जणांवरून. त्यातले काही तर त्यांना नुसते रस्त्यात दिसले होते. हे वाचलं तेव्हा वाटलं, वाकलेली पाठ आणि घाईची लहान पावलं परक्या माणसालाही रस्त्यात दिसतात. तो माणूस घरी कसा होता, हे घरच्यांनाच ठाऊक.

म्हणून माझं सांगणं आहे की आजाराची वर्षं पुसायच्या मागे लागू नका. मी तसा प्रयत्न करून पाहिला. जुने फोटो काढून बसायचे, पण फोटोतले बाबा परके वाटायचे. उपयोग झाला तो त्यांच्या जुन्या मित्रांशी बोलण्याचा, ज्यांनी त्यांना आजारी असताना फारसं पाहिलंच नव्हतं. त्यांच्या तोंडून बाबांचा मोठा, खणखणीत आवाज परत आला. तुम्हीही अशा कुणाला तरी फोन करा, आणि "बाबांबद्दल काहीतरी सांगा" असं मोघम न विचारता एखादा ठरावीक प्रसंग विचारा.

आणि त्यांचं अक्षर शोधा. बाबा रोज वहीत टिपण ठेवायचे. मीटरचं रीडिंग, कुणाचा ताप किती, आणि घरातलं कोण किती वाजता परतलं. सगळे घरी आल्याशिवाय ते झोपायचे नाहीत. वर्षानुवर्षं त्या वहीत आमच्या नावांपुढे "पोचली", "पोचला" आणि वेळ. सगळ्या वह्या मी जमिनीवर ओळीने मांडल्या. सुरुवातीला अक्षर टपोरं, ओळ सोडून लिहिलेलं. मग ते बारीक व्हायला लागतं. निदान होण्याच्या दोन वर्षं आधीच ते आक्रसलेलं दिसतं, आणि आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. पार्किन्सनमध्ये अक्षर असं लहान होतं, हे मला नंतर कळलं. शेवटच्या वह्यांमध्ये शब्द मुंगीएवढे, ओळीच्या टोकाकडे आणखी बारीक. मीटरचं रीडिंग केव्हाच बंद झालेलं. उरलं होतं ते "पोचली, पोचला".

मी चिडले होते त्या तारखेचं पान मुद्दाम काढलं. भिंग घेऊन वाचावं लागलं. "पोचली. 7.10." आणि खाली, कितीतरी वेळ लावून लिहिला असावा असा एक वेडावाकडा शब्द, "बढती", त्याखाली दोन रेघा.

ते पान मी अजून वहीतच ठेवलंय. माझे आधीचे बाबा मला तिथे सापडले, आजाराच्या सातव्या वर्षात.