ठेका तोच, मग गाणं वेगळं का वाटतं?

या वेळी ड्रमसेटच्या वादनाबद्दलचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. उत्तरांमध्ये मोजणी एकच ठेवली आहे: चार मात्रांचा एक बार, प्रत्येक मात्रेचे चार भाग, आणि ते म्हणायचे ‘वन-ई-अँड-अ, टू-ई-अँड-अ’ असे. वाचताना मांडीवर हाताने वाजवत गेलात तर बराचसा मुद्दा तिथेच कळेल.

प्रश्न: एकच गाणं दोन ड्रमवादकांकडून ऐकलं. लय तीच आणि ठेकाही तोच: हाय-हॅटवर (पायाने मिटणारी झांजेची जोडी) आठ ठोके, बेस ड्रम (पायाने वाजणारा मोठा ड्रम) पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर, स्नेअर (हाताशी असलेला खणखणीत ड्रम) दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर. एकाचं वादन ऐकताना पाय आपोआप हलत होता, दुसऱ्याचं ऐकताना कंटाळा आला. चुकलं तर कुणीच नव्हतं. मग फरक कशाचा?

उत्तर: बहुतेक वेळा तो ठोक्यांच्या एकमेकांशी असलेल्या जोराचा असतो. ठोके कुठे पडतात एवढंच कागदावर लिहिता येतं. कोणता किती जोरात पडतो, हे हातात असतं आणि ऐकणाऱ्याचं शरीर त्यालाच प्रतिसाद देतं.

हाय-हॅटपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त बिघाड तिथेच होतो. आठही ठोके सारख्या जोराने मारले तर ठेका ताठ होतो. वेगवान, आक्रमक गाण्याला ते शोभतं, संथ गाण्याला मुळीच नाही. काठीच्या मानेने झांजेच्या कडेवर एक ठोका आणि टोकाने वरच्या पृष्ठभागावर दुसरा, असं आलटून-पालटून वाजवलं की मात्रा ठळक होतात, ‘अँड’ मागे सरतो आणि गाणं चालू लागतं. उलट करून ‘अँड’वर जोर दिला तर नाचाचा उचलता ठेका होतो. जागा तीच, हात तोच, तरी तीन वेगळ्या चाली मिळतात.

आता स्नेअर. दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा ठोका हा ऐकणाऱ्याचा आधार असतो. दर वेळी त्याचा आवाज आणि पोत सारखाच आला पाहिजे. एकदा मधोमध, एकदा कडेला, एकदा चुकून रिमशॉट (काठी पृष्ठभागाला आणि कडेच्या कड्याला एकदम लागणं) असं झालं की श्रोत्याला कारण सांगता येत नाही, पण त्याचा पाय थांबतो. या दोन ठोक्यांच्या मध्ये जे हलके, जेमतेम ऐकू येणारे ठोके असतात त्यांना घोस्ट नोट म्हणतात. मुख्य ठोक्यासाठी काठी साधारण २५ ते ३० सेंटिमीटर वर जात असेल, तर घोस्ट नोटसाठी ती पृष्ठभागापासून २–३ सेंटिमीटरपेक्षा वर जाऊच नये. अमेरिकन फंक गायक जेम्स ब्राउनच्या बँडमधल्या क्लाइड स्टबलफील्डचं वादन याचा उत्तम धडा आहे. १९७० साली आलेल्या ‘फंकी ड्रमर’मधला त्याचा तुकडा पुढे असंख्य रॅप रेकॉर्डमध्ये वापरला गेला. तिथे स्नेअरचे जोरकस ठोके मोजकेच आहेत. ठेका खेळता ठेवतात ते मधले बारीक ठोके. घोस्ट नोट मोठ्या झाल्या की हीच गंमत नुसती गर्दी होते.

तिसरी गोष्ट, हाय-हॅट आणि स्नेअर यांचं प्रमाण. हाय-हॅट वरचढ झाला तर गायकाचे ‘स’, ‘श’, ‘च’ बुजतात, कारण हे वर्ण आणि झांजेची झणझण एकाच उंच पट्ट्यात, साधारण ४ हजार हर्ट्झच्या वर असतात. शब्द कळेनासे झाले की गाण्यातला रस कमी होतोच.

तपासून पाहायचं असेल तर फोन ड्रमपासून तीन मीटरवर ठेवा आणि तोच ठेका दोन-दोन मिनिटं तीनदा रेकॉर्ड करा: हाय-हॅट स्नेअरएवढा, स्नेअरच्या निम्मा आणि जेमतेम ऐकू येईल इतका. वाजवताना योग्य वाटलेलं प्रमाण ऐकताना बहुधा फार चढं निघतं, कारण वादकाला हाय-हॅटच्या धारेची सवय झालेली असते.

प्रश्न: बरेच अवघड ठेके बसवले आहेत, पण बँडमध्ये वाजवले की ऐकणारे थंड पडतात. साधं वाजवलं की सोबतचे वादक म्हणतात, ‘सपाट झालं’. मध्यम मार्ग कसा शोधायचा?

उत्तर: मध्यम मार्ग खरोखरच आहे आणि त्याला प्रयोगाचा आधारही आहे. संशोधक मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लोकांना ड्रमचे छोटे तुकडे ऐकवले. काही अगदी सरळ होते, काही मध्यम, तर काहींत ठोके मात्रेवरून सतत सरकवलेले होते. नाचावंसं वाटणं आणि आनंद, दोन्ही मधल्या गटात सर्वाधिक निघाले. ऐकणारा मनात मोजणी चालू ठेवतो आणि मात्रेवरून सरकलेला ठोका त्या मोजणीला आव्हान देतो. आव्हानच नसेल तर त्याला करण्यासारखं काही उरत नाही. फार असेल तर मोजणीच तुटते, आणि मग सरकलेला ठोका सरकलेला वाटत नाही, नुसता गोंधळ वाटतो.

त्यामुळे एका वेळी एकच अवयव हलवा. हाय-हॅट सरळ, स्नेअर दुसऱ्या-चौथ्यावर पक्का, आणि बदल फक्त बेस ड्रममध्ये. आधी ‘वन’ आणि ‘थ्री’. मग ‘टू’नंतरच्या ‘अँड’वर एक ठोका वाढवा. नंतर ‘थ्री’वरचा ठोका काढून टाका, म्हणजे ‘वन’ आणि ‘टू’चा ‘अँड’ एवढेच उरतील. खरा झोका इथे येतो, कारण तिसऱ्या मात्रेची जागा रिकामी राहते आणि ती ऐकणारा भरतो. पुढे ‘थ्री’च्या ‘अ’वर एक ठोका द्या. प्रत्येक पायरी आठ बार वाजवा आणि संगीत न शिकलेल्या कुणाला तरी टाळी धरायला सांगा. टाळी जिथे अडखळते, त्याच्या एक पायरी आधी थांबा.

गायकाकडेही लक्ष असू द्या. चालच मात्रेच्या आगेमागे खेळत असेल, तर ड्रमने सरळ राहावं. चाल मात्रेवर ठाम बसलेली असेल, तर बेस ड्रमला खेळायला जागा आहे. दोघेही एकदम सरकले की कुणाचंच सरकणं कळत नाही. बँडमध्ये तुमचे अवघड ठेके थंड पडण्याचं कारण बहुधा हेच असावं: एकट्याने वाजवताना ते बरोबर होते, गाण्याबरोबर मात्र प्रमाणाबाहेर गेले.

प्रश्न: ‘जरा मागे रेलून वाजव’ असं गिटारवादक सांगतो. तसं केलं की लयच पडते. मागे म्हणजे नेमकं किती?

उत्तर: फार थोडं. मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत एक मात्रा ६६७ मिलिसेकंदांची असते. रेलणं म्हणजे स्नेअर त्यातले १० ते २० मिलिसेकंद उशिरा येणं. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरभर अंतराला जवळपास ३ मिलिसेकंद. सहा मीटरवर उभा असलेला माणूस तुमचा ठोका तेवढ्याच उशिराने ऐकतो. यावरून ही मोजमापं किती नाजूक आहेत हे लक्षात येईल.

तुमची लय पडते, कारण तुम्ही सगळंच मागे नेता. मागे यायचं ते एकट्या स्नेअरने. हाय-हॅट आणि बेस ड्रम मेट्रोनोमच्या (लय मोजून देणाऱ्या यंत्राच्या) क्लिकवरच राहिले पाहिजेत. इथे एक अडचण येते. दुसऱ्या मात्रेवर हाय-हॅट वेळेवर आणि स्नेअर मागून आला, तर दोन ठोके फुटून ‘तड’ असा आवाज होतो. उपाय सोपा आहे: त्या मात्रेवर हाय-हॅट वाजवूच नका. रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स स्नेअर मारताना हाय-हॅटवरचा हात उचलायचा. त्यामुळे स्नेअर एकटा, मोकळा ऐकू येतो.

सरावासाठी मेट्रोनोमची क्लिक दोन बारांत एकदाच येईल अशी लावा आणि चार मिनिटं वाजवा. शेवटच्या क्लिकपाशी तुम्ही मागे पडलेले असाल, तर ते रेलणं नव्हतं, लय पडणं होतं. आणि हेही सांगायला हवं की दर ठोक्याला वेगळा उशीर कुणालाच आवडत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, साध्या ठेक्यांतले ठोके वेळेपासून जसजसे जास्त हलवले तसतशी ऐकणाऱ्यांची पसंती एकंदरीत घटली होती. म्हणून आधी क्लिकवर तंतोतंत वाजवायला शिका. रेलणं त्यानंतर, आणि गाणं मागेल तिथेच.

प्रश्न: कडव्यानंतर धृपद उठून दिसावं म्हणून लय वाढवावी का?

उत्तर: नको, स्नेअरची जागा बदला. १४० च्या लयीत कडव्यात स्नेअर फक्त तिसऱ्या मात्रेवर ठेवला की ऐकणाऱ्याला लय ७० ची वाटते. धृपदाला तो दुसऱ्या-चौथ्यावर आणला की मेट्रोनोम न हलवता गाणं दुप्पट वेगाने धावतंय असं वाटतं. गडबड होते ती उलट येताना: दुसऱ्या कडव्यात जागा मोकळी मिळताच हात सैल पडतो. तिथे हाय-हॅटचे ठोके मनात बारीक मोजत राहा.

प्रश्न: फिल (ठेका सोडून मध्येच वाजवलेला छोटा तुकडा) कुठे आणि किती लांब घ्यावा? माझ्या फिलनंतर दर वेळी सगळा बँड पुढे पळालेला असतो.

उत्तर: गायक श्वास घेतो तिथे. चार बारांच्या ओळीत शब्द बहुधा चौथ्या बारच्या मध्यापर्यंत संपतात, म्हणून शेवटच्या दोन मात्रा तुमच्या. शब्द चालू असताना टॉमवर (स्नेअरशिवायच्या हाताने वाजणाऱ्या ड्रमवर) गेलात, तर ऐकणाऱ्याचं लक्ष फाटतं आणि ओळीचं शेवटचं यमक हरवतं. प्रत्येक ओळीनंतर फिल आणि प्रत्येक फिलनंतर क्रॅश (मोठ्या झांजेचा दणका) असं झालं की धृपदाच्या क्रॅशला काही किंमतच उरत नाही. पहिल्या कडव्यात एकही क्रॅश न वाजवता गाणं करून पाहा. मोठा फरक पडतो.

पळण्याचं कारण असं, की ठेक्यात हाय-हॅट बारीक मोजणी धरून ठेवतो आणि फिलमध्ये तो हात टॉमवर जातो. मोजणी सुटते, उत्साह वाढतो, आणि सोळा भागांचे ठोके आक्रसतात. फिल चालू असताना डाव्या पायाने हाय-हॅट दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर मिटत राहा. तीन बार ठेका, एक बार फिल असा सराव करा आणि क्लिक फक्त बारच्या पहिल्या मात्रेवर ठेवा. फिलनंतर क्लिक तुमच्या क्रॅशच्या मागून आली, तर तुम्ही पळालात.

फिलचा एक प्रकार फार कमी लोक वापरतात: पहिली मात्रा रिकामी सोडणं. २००९ च्या एका प्रयोगात झोपलेल्या नवजात बाळांना ड्रमचा ठेका ऐकवला आणि मधूनच पहिला ठोका गाळला. तो गाळल्याची नोंद बाळांच्या मेंदूने घेतली. ज्याची वाट माणूस जन्मापासून पाहतो, तो ठोका एकदाच रोखून धरला तर अख्खं सभागृह सावध होतं. पण एका गाण्यात एकदाच, आणि बेसवादकाला आधी सांगून.

प्रश्न: संगणकावर ड्रम प्रोग्राम करतो. आवाज चांगले आहेत, तरी निर्जीव वाटतात. ‘ह्यूमनाइझ’ वापरलं तर ढिसाळ वाटतं.

उत्तर: ह्यूमनाइझ वेळा इकडेतिकडे विखुरतो, आणि माणूस तसा वाजवत नाही. वेळ ग्रिडवरच (संगणकाच्या समान आखणीवरच) राहू द्या, आधी जोर सुधारा. १ ते १२७ च्या मापात मुख्य स्नेअर १०५ ते ११५, घोस्ट नोट २० ते ४०, हाय-हॅट मात्रेवर ८५ आणि ‘अँड’वर ६० च्या आसपास. एकाच नमुन्याची पुनरावृत्ती झाली की ठोके छापल्यासारखे ऐकू येतात, म्हणून एका आवाजाचे तीन-चार नमुने फिरवत ठेवा.

मग हात मोजा. टॉमचा फिल दोन्ही हातांनी चालू असताना हाय-हॅटवर काठीही पडत असेल, तर तुमच्या वादकाला तीन हात आहेत, आणि ते कानाला खटकतं.

शेवटी स्विंग, म्हणजे जोडीतला दुसरा ठोका थोडा उशिरा आणणं. रॉजर लिनच्या १९८० च्या एलएम-१ या ड्रम यंत्रात तो होता आणि त्याची टक्केवारीची पद्धत आजही चालते. ५० म्हणजे दोन ठोके समान अंतरावर, ६६ म्हणजे दोनास एक. १०० च्या लयीत अर्धी मात्रा ३०० मिलिसेकंदांची असते. ५४ टक्क्यांना तिचे दोन भाग १६२ आणि १३८ चे होतात, ५८ ला १७४ आणि १२६ चे. ५४ ते ५८ मध्ये आधी शोधा. लय जलद असेल तर आकडा कमी करा, नाहीतर गाणं लंगडतं. शेकर किंवा तालगिटार सरळ वाजत असेल, तर त्यांनाही तोच स्विंग द्या.

प्रश्न: हेडफोनवर दणदणीत वाटणारा बेस ड्रम फोनवर गायब होतो. आवाज वाढवू का?

उत्तर: वाढवून उपयोग नाही. बेस ड्रमचं वजन साधारण ५० ते १०० हर्ट्झमध्ये असतं आणि फोनचा छोटा स्पीकर ते काढूच शकत नाही. ठोकणीचा ‘टक’ आवाज २ ते ५ हजार हर्ट्झमध्ये असतो, तो थोडा उचला. ड्रम खरा असेल तर लोकरीच्या ठोकणीऐवजी लाकडी किंवा प्लॅस्टिकची लावून पाहा. हलकं सॅच्युरेशन (आवाजात मुद्दाम आणलेला किंचित खरखरीतपणा) दिलं तर खालच्या स्वराच्या वरच्या पटी तयार होतात, आणि त्यांवरून कान मूळ स्वर ओळखतो. वेळ मात्र तंतोतंत ठेवा: दोन स्वर एकदम वाजत असताना खालच्या स्वराची वेळ चुकली तर मेंदू ती अधिक ठळकपणे टिपतो, असं २०१४ च्या प्रयोगात दिसलं आहे. त्यामुळे बेस गिटार आणि बेस ड्रम एकमेकांवर बसले आहेत ना, हे इक्वलायझरला हात लावण्याआधी तपासा.