लेकीला महापौर व्हायचंय, कोणता कोर्स करावा?

प्रश्न : माझी मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. राज्यशास्त्र हा तिचा विषय. तिला आमच्या शहराची महापौर व्हायचंय आणि ती हे गंभीरपणे बोलते. आधी सरकारी नोकरी मिळव, मग राजकारण बघू, असं आमचं म्हणणं आहे. घरात राजकारणात कुणी नाही. यासाठी कोणता कोर्स असतो? – एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार. लेकीची इच्छा तुम्ही हसण्यावारी नेली नाहीत, हे वाचून फार बरं वाटलं.

आधी नोकरीबद्दल. सरकारी नोकरीत असताना निवडणूक लढवता येत नाही, पक्षाचं कामही करता येत नाही. म्हणजे ज्या वयात तिने लोकांत वावरायला हवं, नेमकी तीच वर्षं नियमांनी बांधली जातील. त्यापेक्षा वकिली, नगररचना, लेखापरीक्षण, अध्यापन किंवा स्वतःचा व्यवसाय हे मार्ग तिच्यासाठी जास्त सोयीचे. मिळकत मात्र हवीच, आणि याबाबत मी आग्रही आहे. नगरसेवकाच्या मानधनावर घर चालत नाही. ज्याचं पोट राजकारणावर अवलंबून असतं, त्याला पहिल्याच कार्यकाळात ठेकेदार गाठतो. महापालिकेच्या ठेक्यात हितसंबंध असेल तर सदस्यत्वही रद्द होऊ शकतं, हे तिला आत्ताच माहीत असू द्या.

आता पदाविषयी. महाराष्ट्रात महापौर थेट जनता निवडत नाही. नगरसेवक आपल्यातूनच एकाला निवडतात, तेही अडीच वर्षांसाठी. पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, हे मंत्रालयातल्या सोडतीत ठरतं. सभागृहात बहुमत कुणाचं हे मतदार ठरवतात आणि उमेदवार कोण हे पक्ष. इतक्या गोष्टी हाताबाहेरच्या असताना महापौरपदाची आखणी करता येत नाही. नगरसेवक होण्याची तयारी मात्र करता येते. तुमच्या मुलीने ध्येय म्हणून ते धरावं, असं मला मनापासून वाटतं.

शिवाय महापौराकडे लोक समजतात तेवढे अधिकार नसतात. तो सर्वसाधारण सभेचा अध्यक्ष असतो, शहराचा प्रथम नागरिक असतो. प्रशासन चालवतो तो राज्य सरकारने नेमलेला आयुक्त. खर्चाच्या मंजुरीची किल्ली नगरसेवकांच्या स्थायी समितीकडे असते. 1998 मध्ये मुंबई आणि नागपुरात ‘मेयर इन कौन्सिल’ आणून महापौरांना कार्यकारी अधिकार दिले होते, पण वर्षभरातच ती पद्धत गुंडाळली गेली. म्हणून चांगला महापौर तोच होतो, ज्याला सभागृहाचे नियम आणि अंदाजपत्रक अधिकाऱ्यांइतकंच ठाऊक असतं. नाहीतर हार-तुरे आणि उद्घाटनांत अडीच वर्षं निघून जातात.

घरात कुणी नसणं हा अडथळा आहेच. मुंबई सोडली तर बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे असतात, त्यामुळे पॅनेल आणि पक्षाच्या तिकिटाशिवाय निभावणं अवघड. पण वाट बंद नाही. तिरुवनंतपुरमच्या आर्या राजेंद्रन 2020 मध्ये 21व्या वर्षी महापौर झाल्या. त्या वयाचीच सगळ्यांनी चर्चा केली. त्याआधी त्या मुलांच्या आणि विद्यार्थ्यांच्या संघटनेत काम करत आल्या होत्या, हे फारसं कुणी सांगितलं नाही. देवेंद्र फडणवीस 1992 मध्ये नागपुरात नगरसेवक झाले, महापौर 1997 मध्ये. दोघांच्याही बाबतीत संघटनेतलं काम आधी झालं होतं. तेव्हा मुलीने विचार पटतो असा पक्ष किंवा संघटना निवडून तिथे काम सुरू करावं. तिकिटाच्या हिशेबाने पक्ष निवडू नये.

महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, ही तिच्यासाठी मोठी संधी. पण अनेक प्रभागांत निवडून येते बाई आणि कारभार बघतात तिचे पती किंवा वडील. तुम्ही तसं होऊ देऊ नका. फोन तिनेच घ्यावा, अधिकाऱ्यांशी तिनेच बोलावं.

कोर्सचं म्हणाल तर महापौर घडवणारी पदवी कुठेच नाही. 1926 पासून काम करणारी अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था या विषयातले अभ्यासक्रम चालवते, त्यातला एखादा जरूर करावा. शहरांच्या स्वराज्य संस्थांना घटनेत स्थान देणारी 74वी घटनादुरुस्ती, त्यांच्या कामांची यादी देणारी बारावी अनुसूची आणि 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम वाचावा (मुंबईचा कायदा वेगळा, 1888 चा). पण खरा अभ्यास वॉर्ड ऑफिसात होतो. आपल्या प्रभागातला एकच प्रश्न तिने धरावा, समजा तुंबणारं गटार. त्यासाठी अंदाजपत्रकात किती तरतूद होती, ती दुसरीकडे वळवली का, काम कुणाला दिलं, बिल कधी निघालं, हे माहिती अधिकारात मागावं आणि काम होईपर्यंत सोडू नये. एका गटाराचा असा पाठपुरावा केला की महापालिका कशी चालते ते कळतं, आणि गल्लीतली माणसंही तिला ओळखू लागतात.

निवडणूक लढवायला 21 वर्षं पूर्ण हवीत आणि शहराच्या मतदार यादीत नाव हवं. राखीव प्रवर्गातून लढायचं असेल तर जात पडताळणीचं काम आत्ताच हाती घ्या. ऐन अर्जाच्या वेळी त्यासाठी फार धावपळ होते. आणि नगरसचिव कार्यालयातून पुढच्या सर्वसाधारण सभेची तारीख विचारून प्रेक्षक गॅलरीचे दोन पास घ्या. सभा पूर्ण ऐकल्यावरही तिचा विचार तोच असेल, तर मला पुन्हा लिहा. पुढचं बोलू.