कणीक नको, माती नको. मग खेळायचे काय?

प्रश्न : माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. मिक्सर सुरू झाला की तो कान दाबून आतल्या खोलीत पळतो, कणीक, माती, रंग यांना हात लावत नाही आणि मानेमागची पट्टी कापल्याशिवाय सदरा अंगात घालू देत नाही. एरवी मात्र दिवसभर सोफ्यावरून उड्या मारतो. सासूबाई याला हट्ट म्हणतात. ऑक्युपेशनल थेरपिस्टनी (रोजची कामे आणि खेळ जमावेत म्हणून मदत करणाऱ्या उपचारतज्ज्ञांनी) त्याची संवेदना ग्रहण करण्याची पद्धत वेगळी असल्याचे सांगून घरी खेळ घ्यायला सुचवले आहे. पण मी चिकणमाती पुढे केली की तो रडतो. काय करावे?

उत्तर : प्रथम चिकणमाती बाजूला ठेवा. तुमचा मुलगा हट्ट करत नाही; आपल्याला ओलसर वाटणारा स्पर्श त्याला खरोखरच असह्य होत असतो, आणि बळजबरीने हात बुडवला तर त्याच्या मनात त्या वस्तूची भीती तेवढी पक्की होते.

पाच ज्ञानेंद्रियांखेरीज आणखी दोन संवेदना या विषयात महत्त्वाच्या मानल्या जातात : आतल्या कानातून मिळणारी तोलाची आणि स्नायू व सांध्यांतून मिळणारी दाबाची. अमेरिकेतील ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन आयर्स यांनी 1972 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या संवेदनांची सांगड आणि मुलांचे शिकणे यांचा संबंध मांडला. सोफ्यावरून उडी मारणारा तुमचा मुलगा बहुधा हा दाबच शोधत असतो, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. जमिनीवर गादी टाकून उड्यांना जागा द्या, बाजाराची पिशवी त्याला पेलवेल इतकी भरून उचलायला द्या, धुतलेल्या कपड्यांची बादली ओढत न्यायला सांगा, गोधडीत गुंडाळून ‘पोळीचा रोल’ करा. तोंड आणि मान मात्र कायम उघडी राहू द्या आणि तो ‘सोड’ म्हणाला की त्याच क्षणी सोडा. झोपाळ्यावर मागेपुढे संथ झोके बऱ्याच मुलांना शांत करतात; गरगर फिरवणे टाळा, कारण त्याचा त्रास कधीकधी थोड्या वेळाने जाणवतो. चेहरा पांढरा पडला, घाम आला किंवा मळमळले तर खेळ तिथेच थांबवावा.

असे दहा-पंधरा मिनिटे झाल्यावर स्पर्शाच्या खेळाकडे वळावे, आणि तेही कोरड्यापासून. परातीत राजमा घेऊन त्यात त्याची छोटी गाडी लपवा. हात घालवत नसेल तर पळी द्या. घरात लहान भावंड असेल तर दाणे नाका-तोंडात जाणार नाहीत, याकडे लक्ष ठेवा. काही दिवसांनी कणकेचा गोळा जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्याला बाहेरून दाबू द्या. पिशवी कधी उघडायची हे त्याने ठरवावे, मग त्याला महिना लागला तरी चालेल. बाजूला ओला रुमाल ठेवा. हात लगेच पुसता येतो हे ठाऊक असले की मूल एक बोट लावायला धजावते.

मिक्सरबाबतही हेच. आधी सांगा, ‘पाच मोजले की लावते’, आणि तयार असेल तेव्हा दूर उभे राहून त्यालाच आकडे मोजू द्या. पुढे कधीतरी, तुम्ही शेजारी असताना, बटण त्याच्या बोटाखाली येऊ द्या. आवाज तोच असतो, पण तो केव्हा थांबणार हे आता त्याच्या हाती असते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 2013 साली आलेल्या डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत संवेदनांमधील असा फरक हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला नाही. स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) निकषांत मात्र त्याचा समावेश आहे. असा फरक असलेले प्रत्येक मूल स्वमग्न नसते. तरीही बोलणे, इतर मुलांत मिसळणे यांबाबत शंका असेल तर विकासविषयक बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि श्रवण तपासणीही करून घ्यावी.

सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा त्यांनाच या खेळात घ्या. त्या तांदूळ निवडायला बसतील तेव्हा शेजारी त्याचे लहान ताट मांडा आणि खडे शोधायचे काम त्याला द्या. त्याने फक्त पाहत बसायचे ठरवले, तर त्या दिवशी तेवढेच पुरे.