ल्युसिफरच्या नादी लागू नका, माझी दोन वर्षं गेली

देवाने सगळं चांगलं केलं तर वाईट कुठून आलं, असं तुम्ही शास्त्राभ्यासात विचारलंत आणि 'ल्युसिफर हा देवदूत स्वर्गातून पडला, तिथून' एवढ्यावर तुमची बोळवण झाली. वाचून ओशाळलो. तेच उत्तर मी स्वतः लोकांना देत असे.

आदाम, हव्वा, फळ तुम्हाला पाठ असणार. बायबलमधल्या यशया १४ वर मी एकदा तासभर उपदेश केला होता: गर्विष्ठ देवदूत, स्वर्गातून हकालपट्टी, सगळं रंगवून. संपल्यावर मागच्या बाकावरच्या आजी उघडं पुस्तक घेऊनच आल्या. चौथ्या वचनावर बोट. "बाळा, हे बाबेलच्या राजाबद्दल आहे ना?" होतंच की! बाराव्या वचनातला पहाटेचा तारा म्हणजे लॅटिनमधला ल्युसिफर. मी तेवढंच उचललं होतं.

मग हाच प्रश्न विचारत बायबलच्या एका पत्रद्वारा अभ्यासक्रमाच्या कार्यालयाला तीन पत्रं लिहिली. दोन वर्षांनी छापील पत्रक आलं, 'विश्वासाने स्वीकारा', आणि सोबत फी थकल्याची आठवण. असो.

आता माझं मत. मी पाळक नाही, हिब्रू येत नाही, तेव्हा याच्या जोरावर मंडळीत भांडू नका. बायबल या प्रश्नाला एकच उत्तर देत नाही. २ शमुवेल २४:१ आणि १ इतिहास २१:१ शेजारी ठेवून वाचा. दाविद राजाने केलेली लोकांची शिरगणती तीच, पण एकीकडे त्याला चिथावतो कोपलेला परमेश्वर, दुसरीकडे सैतान. उत्पत्ती ३ मध्ये 'पाप' हा शब्दच नाही. तो येतो ४:७ मध्ये, आदामाच्या मुलाच्या, काइनाच्या, दाराशी दबा धरून, आणि देव काइनाला सांगतो की त्याच्यावर ताबा मिळव. म्हणजे ताबा मिळवता येतो, असंच ना? हव्वेला भुलवणारा सर्प म्हणजे सैतान हे उघड म्हटलंय ते थेट प्रकटीकरण १२:९ मध्ये.

रोमकरांस ५:१२ मात्र शेवटी घ्या: आदामामुळे पाप आणि मरण जगात आलं, असं सांगणारं वचन. ग्रीकमध्ये 'कारण सगळ्यांनी पाप केलं' असा अर्थ निघतो. ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडितापुढच्या लॅटिनमध्ये तेच 'ज्याच्यात (म्हणजे आदामात) सगळ्यांनी पाप केलं' असं वाचता येत होतं, आणि त्याने तसंच वाचलं. तान्ह्या बाळाच्या माथी आदामाचा दोष मारणं मला तरी पटत नाही, 'बापाच्या पापाचा भार मुलगा वाहणार नाही' हे यहेज्केल १८:२० वाचल्यावर तर नाहीच. कुणाला पटत असेल तर माझी हरकत नाही.

आणि हो, हे मोबाइलवर शोधून वाचू नका. तिथे नेमकं एकच वचन उघडतं.