व्हेक्ट्रेक्सच्या पडद्यावर नुसती उभी रेघ येत असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेहून आलेलं व्हेक्ट्रेक्स (स्वतःचा पडदा असलेलं १९८२चं घरगुती व्हिडिओ गेम यंत्र) चालू केलं की सुरुवातीची धून वाजते, पण पडद्यावर मधोमध एकच उभी चकचकीत रेघ येते. स्पीकर सतत गुणगुणतो. दुरुस्त होईल का, आणि घरातला सेगाच्या गेम यंत्राचा पॅड (कंट्रोलर) त्याला चालेल का?

दुरुस्त व्हायची शक्यता चांगली आहे. मात्र आधी ब्राइटनेसचं बटण (ते मागच्या बाजूला आहे) पूर्ण कमी करा, यंत्र बंद करा आणि प्लग काढून ठेवा. एकाच रेघेवर किरण आदळत राहिला तर तिथला फॉस्फर (पडद्याचा चमकणारा लेप) जळतो आणि ती रेघ कायमची उमटते. तपासणीपुरतं चालू करायचं तेव्हा रेघ जेमतेम दिसेल इतकाच उजेड ठेवा, तोही काही सेकंद.

आता वीज. अमेरिकन यंत्र १२० व्होल्टचं आहे, आपल्या २३०वर थेट लावलं तर संपलं. प्रवासात वापरायचे हलके कन्व्हर्टर घेऊ नका. त्यातले बरेचसे विजेची लाट कापून देतात आणि आतल्या ट्रान्सफॉर्मरला ते मानवत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पसोड्या विठोबाजवळ लोखंडी गाभ्याचा स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो. १०० व्हीएचा पुरतो, आणि ११० व्होल्टचाच घ्या. कारण आतला ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झसाठी बनवलाय, आपल्या ५० हर्ट्झवर तो जरा जास्त तापतो. व्होल्टेज थोडं कमी असलेलं बरं. खेळाच्या वेगावर याचा परिणाम होत नाही, तो आतल्या घड्याळावर ठरतो.

यंत्र न उघडता एक तपासणी करून घ्या. कंट्रोलरच्या ९ पिनी सॉकेटमध्ये ८ नंबर म्हणजे ग्राउंड, ७वर +५ व्होल्ट आणि ९वर -५ व्होल्ट यायला हवेत. मल्टिमीटरची टोकं बारीक हवीत, शेजारच्या पिनला टेकू देऊ नका. दोन्ही व्होल्टेज नीट असतील तर पुढे जा. एखादं कमी किंवा गायब असेल तर बाकी सगळं सोडून आधी तेच बघा. ही व्होल्टेज स्थिर ठेवणारे ७८०५ आणि ७९०५ हे रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळतात.

धून वाजते म्हणजे ६८०९ प्रोसेसर, रॉम, रॅम आणि आवाजाची एवाय-३-८९१२ चिप शाबूत आहे. (कंट्रोलरची बटणंही याच चिपमधून वाचली जातात. आवाज आणि बटणं एकदम गेली तर संशय तिच्यावर.)

जुन्या टीव्ही मेकॅनिकचा गोंधळ होतो तो इथे. टीव्हीत किरण ओळीमागून ओळ पडदा सारवत जातो. व्हेक्ट्रेक्समध्ये तो पेन्सिलीसारखा फिरतो, चित्राची प्रत्येक रेघ स्वतंत्र ओढतो. म्हणजे ऑसिलोस्कोपचाच भाऊ. एक्स (आडवी) आणि वाय (उभी) अशा दोन दिशांना सारख्या जातीचे दोन मार्ग आहेत आणि दोघांना मिळून डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग चिप एकच. तिचं आउटपुट एक्सला थेट जातं. वायला, उजेडाला आणि आवाजाला ते ४०५२ स्विचमधून आळीपाळीने वाटलं जातं. तुमची रेघ उभी आहे, म्हणजे वाय चालतोय. म्हणजे ती चिपही चालतेय, ४०५२ही. दोष एक्सच्या उरलेल्या मार्गात: एलएफ३४७ ऑपअ‍ॅम्पमधला इंटिग्रेटर, त्याचे ४०६६ स्विच, दोन बोर्डांमधली वायर, डिफ्लेक्शनचा (किरण वळवण्याचा) एलएम३७९ अ‍ॅम्प्लिफायर, किंवा पिक्चर ट्यूबच्या मानेवरचा योक (किरण वळवणाऱ्या कॉइलची जोडी).

शोध उलट्या टोकाकडून घ्या. मागचं कव्हर काढल्यावर आधी ट्यूब डिस्चार्ज करा, म्हणजे तिच्यात साठलेली वीज काढून टाका: जाड इन्सुलेशनच्या स्क्रूड्रायव्हरला क्लिपची वायर लावून दुसरं टोक ट्यूबभोवतीच्या उघड्या जाळीच्या तारेला जोडा, मग पातं अ‍ॅनोडच्या रबरी टोपीखाली सरकवा. एक हात खिशात. क्लिप लॉजिक बोर्डाच्या ग्राउंडला कधीच लावू नका, ठिणगीने चिपा जातात. ट्यूबची मान काचेची आणि नाजूक असते, तिला धरून काही उचलू नका.

मग योकच्या दोन्ही कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. दोन्ही आकडे जुळायलाच हवेत असं नाही, पण एक कॉइल ओपन दाखवत असेल तर चोर सापडला. योक ठीक असेल तर भिंग घेऊन कनेक्टरच्या पिना बघा. पिनेभोवती केसाएवढं काळं वर्तुळ दिसलं की तो ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला सांधा. मी तर दिसो न दिसो, एक्सच्या मार्गातल्या सगळ्या पिनांना नवं सोल्डर द्या म्हणेन, खर्च शून्य. त्यानंतर यंत्र चालू करून लॉजिक बोर्डाच्या एक्स आणि वाय आउटपुटवर मीटर एसी व्होल्टवर लावा. आकडा महत्त्वाचा नाही, तुलना महत्त्वाची. वायवर हालचाल आणि एक्सवर शून्य, तर दोष लॉजिक बोर्डावर: एलएफ३४७ आणि ४०६६ बदला, सॉकेट लावून. दोन्हीकडे हालचाल असेल तर दोष पुढे, बहुधा एलएम३७९.

तो मात्र त्रासदायक. मूळचा हा स्टिरिओ ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर, एक बाजू एक्सला आणि एक वायला जुंपलेली. उत्पादन कधीच बंद झालंय आणि ऑनलाइन नव्या म्हणून विकल्या जाणाऱ्यांत नकली असू शकतात. मेलेल्या यंत्रातून काढलेली चिप जास्त भरवशाची. यंत्रंही थोडीच: नोव्हेंबर १९८२मध्ये जीसीई या कंपनीने १९९ डॉलरला आणलं, पुढे मिल्टन ब्रॅडलीने कंपनी घेतली, १९८३मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार बसला आणि १९८४मध्ये खेळ आटोपला. पडदा काळापांढरा, रंगासाठी वर लावायच्या प्लास्टिकच्या रंगीत पारदर्शक शीट. (त्या मिळाल्या असतील तर स्पिरिटने पुसू नका, ओलसर मऊ कापड पुरे.)

गुणगुणीचं म्हणाल तर दोन प्रकार वेगळे करा. चित्र बदलतं तसा सूर बदलत असेल तर तो जन्मदोष. आवाजाच्या वायरला शील्ड कमी, म्हणून डिफ्लेक्शनचा आवाज त्यात शिरतो. शील्डेड वायर घालून, जाळी एकाच टोकाला ग्राउंड केली की कमी होतो, पूर्ण जात नाही. सूर एकसारखा आणि जाड असेल तर पॉवर बोर्डावरचे फिल्टर कपॅसिटर सुकलेत. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे, १०५ अंश तापमान सोसणारे घ्या आणि ध्रुव बघून लावा. बोर्डावरच्या प्रीसेटना (स्क्रूड्रायव्हरने फिरवायच्या छोट्या बटणांना) हात लावण्याआधी पेनने खूण करा.

सेगाचा पॅड थेट लावू नका. प्लग बसतो, पण पिना वेगळ्या: व्हेक्ट्रेक्सच्या ९ नंबरवरचे -५ व्होल्ट पॅडमधल्या चिपच्या आउटपुटवर जातात. शिवाय व्हेक्ट्रेक्सची जॉयस्टिक पोटेन्शिओमीटरवाली आहे, म्हणजे ती किती ढकलली तेही कळतं, पॅड नुसता बटणांचा.

चित्र आल्यावर दोन गोष्टींनी घाबरू नका. काडतूस (गेमची कार्ट्रिज) लावूनही यंत्रातच भरलेला माइन स्टॉर्म हा खेळच चालू झाला तर यंत्राला काडतुसातली जीसीईची ओळखीची अक्षरं वाचता आली नाहीत, एवढाच अर्थ. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) काडतुसाचे संपर्क पुसा. आणि माइन स्टॉर्म तेराव्या पातळीवर अडकला तर तो प्रोग्रामातला मूळचाच दोष, तुमच्या सोल्डरिंगचा नाही.